लढाईविना पडलेला कोट

धुळ्याहून जळगावकडे निघाले की एरंडोलच्या अलीकडे पारोळा लागते. कापूस, धान्य आणि लुगडी यांच्या व्यापारावर वाढलेले हे जुने गाव. त्याच्या भर वस्तीत, बाजारपेठेला खेटून, एक भुईकोट उभा आहे. खंदकाच्या खुणा आहेत, तट आहे, बुरूज आहेत, दरवाजाही आहे. पण ज्या कोटाला इतका बंदोबस्त केला होता, तो कोणत्याही मोठ्या वेढ्यात पडला नाही. तो पडला जप्तीच्या हुकुमाने, १८५९ साली. आणि त्या हुकुमाचे कारण खानदेशात जितके होते, त्याहून अधिक शेकडो मैल दूर बुंदेलखंडात, झाशीच्या गादीवर होते.

आज हा भुईकोट संरक्षित स्मारक आहे. संरक्षण म्हणजे नेमके कशाचे रक्षण, हे समजायचे तर आधी तो कोणी बांधला, कशासाठी बांधला आणि का मोडला, हे क्रमाने पाहायला हवे.

पन्नास घरांचे गाव

खानदेशच्या १८८०च्या गॅझेटियरमध्ये पारोळ्याच्या जन्माची हकिकत थोडक्यात दिली आहे. हरी सदाशिव दामोदर या जहागिरदाराने पन्नास घरांच्या खेड्याचे तटबंदीचे शहर केले आणि १७२७ साली हा प्रशस्त कोट बांधला, असे ती नोंद सांगते. खानदेशच्या सपाटीवरील देशी वास्तुकलेचा हा उत्तम नमुना असल्याची दादही तिच्यात आहे.

१७२७ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. तीन वर्षांपूर्वी, १७२४ मध्ये, साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजामुल्मुल्काने दख्खनच्या सुभ्यांवर आपला अंमल बसवला होता. बुऱ्हाणपूर राजधानी असलेला खानदेश त्यातलाच एक सुभा. दुसरीकडे १७१९च्या सनदांनी चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क मराठ्यांना मिळाला होता. एकाच रयतेकडे दोन सरकारांची माणसे वसुलीला येत. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७२८ मध्ये, पालखेडला पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडले आणि पारडे झुकू लागले. तरी खानदेशाचा मोठा भाग मराठ्यांकडे यायला १७५२चा भालकीचा तह उजाडावा लागला, आणि बुऱ्हाणपूर व अशीरगड मिळायला १७६०चे उदगीर.

अशा दुहेरी अंमलाच्या मुलखात ज्याच्याकडे पक्का कोट, त्याच्याकडे वसूल. तापीच्या खोऱ्यातून सुरत आणि बुऱ्हाणपूर जोडणाऱ्या व्यापारी वाटा जात होत्या. बैलांचे तांडे, कापडाचे गठ्ठे, सावकारांच्या हुंड्या या वाटांनी फिरत. व्यापाऱ्याला मुक्कामासाठी निर्धास्त जागा हवी असे, कारागिराला घरावर धाड पडणार नाही याची हमी हवी असे. जहागिरदाराने आधी कोट उभारायचा, मग कौल देऊन पेठ वसवायची, वाणी, साळी, तांबट, सोनार यांना बोलावून आणायचे, ही त्या काळची गाव वसवण्याची रीत होती. पन्नास घरांचे शहर होते ते असे. म्हणून पारोळ्याचा कोट हा गावाचा जन्मदाखला आहे.

सह्याद्रीतला डोंगरी किल्ला कड्यांच्या भरवशावर उभा असतो. भुईकोटाला निसर्गाची मदत नसते. त्याची सारी ताकद माणसाच्या हातची. भोवती खंदक खणायचा, आत उंच तट चढवायचा, ठरावीक अंतरावर बुरूज पुढे काढायचे, म्हणजे तटाला भिडलेल्या शत्रूवर दोन्ही अंगांनी मारा करता येतो. तटात तिरप्या जंग्या ठेवायच्या, म्हणजे आतला बंदूकधारी सुरक्षित राहतो आणि बाहेरचा टप्प्यात येतो. आत मुख्य वाड्याभोवती आणखी एक बालेकोट असला की बाहेरचा तट गेल्यावरही झुंज देता येते. सर्वांत नाजूक जागा दरवाजाची, म्हणून कोटाच्या दर्शनी बाजूवरच सर्वाधिक मेहनत होई. पारोळ्याच्या प्रवेशाला पूर्वी खंदकावरचा उचलता पूल होता आणि दोन्ही अंगांना मोठे बुरूज होते, असे गॅझेटियर सांगते. ती दर्शनी बाजू जितकी शत्रूसाठी होती, तितकीच बाजाराला आलेल्या माणसासाठीही होती. या गावाला धनी आहे आणि तो समर्थ आहे, हे तिने रोज सांगायचे होते.

पारोळा आणि झाशी

ज्या घराण्याकडे पारोळा होते, ते नेवाळकरांचे. मूळ कोकणातले, रत्नागिरीकडच्या लांजे परिसरातील कोट गावचे. पेशवाईच्या चाकरीत घराणे देशावर आले, खानदेशात स्थिरावले आणि तिथून उत्तरेत गेले.

झाशी मराठ्यांकडे आली ती छत्रसाल बुंदेल्याने पहिल्या बाजीरावाला दिलेल्या वाट्यातून. १७४२ पासून तिथे सुभेदार होते नारोशंकर राजेबहाद्दर. झाशीचा किल्ला त्यांनी वाढवला, शहर वसवले. मालेगावचा भुईकोटही त्यांचाच. मालेगाव, पारोळा आणि झाशी या तीन ठिकाणांचा संबंध असा अठराव्या शतकातच जुळलेला आहे. गिरणा आणि बोरीच्या काठची माणसे तेव्हा बेतव्याच्या मुलखाचा कारभार पाहत होती.

नारोशंकरांनंतर काही वर्षे झाशीचा सुभा अस्थिर राहिला. बुंदेले ठाकूर आणि गोसाव्यांच्या फौजा मराठी अंमल मानत नव्हत्या. १७७०च्या सुमारास पुण्याहून रघुनाथ हरी नेवाळकर यांची सुभेदार म्हणून नेमणूक झाली. त्यांनी बंडे मोडली, वसूल बसवला आणि सुभेदारी घराण्यात टिकवली. त्यांच्यानंतर धाकटे बंधू शिवराव भाऊ आले. पुण्याचा धाक ओसरत असल्याचे ओळखून शिवरावांनी १८०४ मध्ये इंग्रजांशी करार केला. नोव्हेंबर १८१७ मध्ये, पेशवाई अखेरच्या घटका मोजत असताना, कंपनीने शिवरावांचे नातू रामचंद्रराव यांच्याशी नवा तह करून झाशीचे राज्य त्यांच्याकडे वंशपरंपरेने मान्य केले.

अशा रीतीने एकाच कुळाच्या दोन शाखा झाल्या. झाशीकडची शाखा राजपदाला पोचली. पारोळ्याची शाखा जहागिरदार राहिली. पण हिंदू दायविधीत भाऊबंदांचा हक्क सहसा पुसला जात नाही. झाशीची गादी रिकामी झाली की पारोळ्यातल्या माणसांचे डोळे तिकडे लागत आणि झाशीला मूल हवे झाले की पारोळ्याकडे पाहिले जाई. पुढच्या सगळ्या घटनांचे मूळ या नात्यात आहे.

नवा अंमल

खानदेश इंग्रजांकडे आला तो १८१८ साली, आणि तो सहजासहजी आला नाही. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडचा आपला मुलूख सोडला. पण मुलूख कागदावर मिळणे वेगळे आणि ताब्यात येणे वेगळे. २७ फेब्रुवारीला तापीकाठच्या थाळनेरला सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेला प्रतिकार झाला. किल्ला घेतल्यावर आतील शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी देण्यात आले. मालेगावच्या भुईकोटात अरब शिपायांनी मे आणि जूनमध्ये नेटाने झुंज दिली. अमळनेरच्या अरबांनाही फौज आणूनच शरण आणावे लागले.

या अनुभवातून नव्या सरकारने एक धडा घेतला. गावोगावचे कोट आणि त्यांतली भाडोत्री शिबंदी जोवर आहे, तोवर खानदेश आपला नाही. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा पहिला पोलिटिकल एजंट. फेरिश्त्याच्या फार्सी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर करणारा तो हाच. त्याने उजाड झालेल्या धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे केले, व्यापारी आणि कारागीर आणून वसवले, कचेऱ्या उभारल्या. जहागिरदाराने कोट बांधून गाव वसवण्याचा काळ संपला आणि सरकारने सरळ रस्ते आखून पेठ वसवण्याचा काळ सुरू झाला. सत्तेची जागाच बदलली. जिथे बुरूज तिथे सत्ता, हे समीकरण जाऊन जिथे कचेरी तिथे सत्ता, असे झाले.

पारोळ्याच्या जहागिरदारांना हा बदल सुखासुखी पचला नसावा. १८२१ साली पारोळ्यात ब्रिग्जचा खून करण्याचा प्रयत्न झाला, अशी नोंद गॅझेटियर करते. त्यानंतरही जहागीर चालू राहिली. पण सरकारच्या दप्तरात पारोळ्याचे नाव संशयितांच्या यादीत गेले, असे समजायला हरकत नाही.

पुढच्या तीस वर्षांत असंतोषाची कारणे वाढतच गेली. १८५२ मध्ये इनामांच्या चौकशीसाठी इनाम कमिशनला कायद्याचे बळ मिळाले आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या वतनांच्या सनदा तपासल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षी जमिनीच्या पाहणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकऱ्यांनी मोठा प्रतिकार केला आणि तो मोडायला लष्कर आणावे लागले. एरंडोल पारोळ्याच्या शेजारचे. या गोष्टी कोटाच्या आत पोचल्या नसतील, असे होणे शक्य नाही.

दत्तक

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी झाशीचे गंगाधरराव वारले. त्यांचा व लक्ष्मीबाईंचा मुलगा अवघ्या काही महिन्यांचा असताना गेला होता. मृत्यूच्या आदल्या दिवशी गंगाधररावांनी विधिपूर्वक दत्तक घेतला. मुलाचे नाव आनंदराव, वडील वासुदेवराव नेवाळकर. हे घर पारोळ्याच्या शाखेचे. दत्तविधानानंतर त्याचे नाव दामोदरराव झाले. हा विधी कंपनीच्या अधिकाऱ्यांसमक्ष झाला होता.

तरीही लॉर्ड डलहौसीने फेब्रुवारी १८५४ मध्ये दत्तक नामंजूर करून झाशी खालसा केली. झाशीचे राज्य कंपनीने दिलेले, म्हणून औरस वारस नसेल तर ते कंपनीकडे परतते, असा त्याचा युक्तिवाद होता. १८१७च्या तहातील वंशपरंपरेच्या शब्दांकडे राणी बोट दाखवत राहिल्या. त्यांच्या अर्जांना यश आले नाही. त्यांना महिना पाच हजारांची नेमणूक ठरवून देण्यात आली.

एक राज्य गेले, एवढाच याचा अर्थ नव्हता. ज्याच्या घरचे मूल राजा होणार होते, त्या पारोळ्याच्या कुळालाही हा निकाल थेट लागू होता. दत्तकाचा हक्क जर झाशीत चालत नसेल, तर उद्या कोणत्याही जहागिरीत तो कशाच्या बळावर चालावा?

जून १८५७ मध्ये झाशीची फलटण उठली आणि तिथल्या इंग्रजांची कत्तल झाली. शिपाई दिल्लीकडे गेले, शहर राणींच्या हाती आले. त्याच महिन्यात एक विलक्षण घटना घडली. पारोळ्याच्या शाखेतले सदाशिवराव, ज्यांनी पूर्वीही गादीवर दावा सांगितला होता, त्यांनी झाशीजवळचा करेऱ्याचा किल्ला घेतला आणि स्वतःला झाशीचा राजा म्हणून जाहीर केले. राणींनी त्यांच्यावर फौज पाठवली, पराभव केला आणि पुढे त्यांना पकडून झाशीत कैदेत ठेवले. म्हणजे पारोळ्याच्या एका घरचा मुलगा राणींच्या मांडीवर होता आणि त्याच कुळातला दुसरा पुरुष त्यांच्याविरुद्ध तलवार घेऊन उभा होता. १८५७ चा इतिहास सांगताना भाऊबंदकीचा हा धागा अनेकदा गाळला जातो. पण पारोळ्याला झाशीशी बांधणारा धागा हाच आहे, आणि तो दोन्ही टोकांनी ताणलेला होता.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला. त्या दिवसांत शहरात असलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी तोफांचा मारा, आगी, लूट आणि कत्तल यांची डोळ्यांनी पाहिलेली हकिकत मराठीत लिहून ठेवली. ४ एप्रिलच्या रात्री राणी दामोदररावाला घेऊन बाहेर पडल्या. जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ त्या धारातीर्थी पडल्या.

जप्ती

या काळात खानदेश शांत नव्हता. सेंधव्याच्या घाटात काजरसिंग नाईकाने नोव्हेंबर १८५७ मध्ये सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणीला भिल्लांची इंग्रज फौजेशी मोठी लढाई झाली. नोव्हेंबर १८५८ मध्ये तात्या टोपे नर्मदा उतरून खरगोणपर्यंत आले आणि खानदेशच्या सरहद्दीवर धावपळ उडाली. तात्या खानदेशात शिरले तर इथले जुने जहागिरदार आणि त्यांचे कोट कोणत्या बाजूला जातील, ही चिंता धुळ्याच्या कचेरीला होती.

अशा वेळी झाशीवाले म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुळाकडे एक मजबूत भुईकोट असणे सरकारला चालणार नव्हते. पारोळ्याच्या मालकांवर राजद्रोहाचा ठपका आला. जहागीर जप्त झाली, १८५९ साली गाव सरकारच्या ताब्यात गेले आणि कोट मोडण्यात आला.

हे केवळ पारोळ्यात झाले नाही. १८५८ मध्ये नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांना बेळगावात फाशी झाली, संस्थान खालसा झाले आणि तिथला किल्लाही निकामी करण्यात आला. १८१८ नंतर सह्याद्रीतील अनेक गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे उडवले गेले होते. १८५७ नंतर तेच धोरण पुन्हा हाती घेतले गेले, आणि त्याच्या जोडीला प्रजेची शस्त्रे काढून घेण्याचे कायदे आले.

किल्ला मोडणे म्हणजे तो समूळ उखडणे नव्हे. पक्का तट दगडादगडाने उतरवायचा तर खर्च भयंकर, आणि सरकारला त्याची गरजही नव्हती. लढता येऊ नये, इतके पुरे होते. त्यासाठी घाव घालायचा तो प्रवेशावर, तटाच्या वरच्या अंगावर आणि बुरुजांच्या माथ्यावर. पारोळ्याच्या उचलत्या पुलाचा उल्लेख १८८० मध्येच भूतकाळात येतो. कोटाची जी बाजू सत्ता दाखवण्यासाठी सजवली होती, तीच आधी गेली. आज कोटाचा जो भाग उभा दिसतो, तो कसा राहिला याचे उत्तर त्या हिशेबी मोडतोडीत आहे.

गाव राहिले

धनी गेला, कोट गेला, पण पारोळे ओस पडले नाही. १८६४ मध्ये तिथे नगरपालिका आली. गुरे, कापूस, धान्य आणि लुगड्यांच्या व्यापाराने बाजार भरत राहिला. जहागिरदाराच्या कौलावर विसंबून आलेल्या कारागिरांच्या वंशजांना आता त्या कौलाची गरज उरली नव्हती. रेल्वे मात्र म्हसावदकडून गेली आणि पारोळ्याला सडकेवरच भिस्त ठेवावी लागली.

दामोदरराव वाचले. राणींच्या विश्वासू माणसांबरोबर रानावनात दोन वर्षे काढून ते अखेर इंग्रजांच्या स्वाधीन झाले. त्यांना इंदूरला ठेवले गेले आणि तुटपुंज्या पेन्शनवर त्यांचे आयुष्य गेले. २८ मे १९०६ रोजी ते वारले. झाशी त्यांना मिळाली नाही, पारोळेही मिळाले नाही. दरम्यान १८९४ मध्ये दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी राणींचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले, १९०७ मध्ये गोडसे भटजींचा प्रवासवृत्तांत छापून आला, आणि मराठी वाचकाच्या मनात झाशी कायमची बसली. पारोळे मात्र त्या गोष्टीच्या कडेलाच राहिले.

जपायचे ते काय

जुनी वास्तू कायद्याने जपण्याचा विचार युरोपात एकोणिसाव्या शतकात रुजला. फ्रान्समध्ये १८४० साली प्रॉस्पेर मेरिमेच्या पुढाकाराने संरक्षित स्मारकांची पहिली यादी झाली, १९१३ मध्ये सविस्तर कायदा झाला. तिथे एखाद्या जुन्या घराचे केवळ रस्त्याकडचे दर्शनी अंग आणि छप्परही नोंदवून जपता येते, कारण त्या अंगावर सगळ्या रस्त्याचा हक्क मानला जातो. १९४३ पासून स्मारकाभोवतीच्या पाचशे मीटरच्या परिघावरही तिथे नियंत्रण आले. आपल्याकडे १९०४ मध्ये कर्झनच्या काळात पहिला मोठा कायदा झाला, १९५८ मध्ये स्वतंत्र भारताचा. २०१० च्या दुरुस्तीने राष्ट्रीय स्मारकांभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर नियमन आले.

पारोळ्यासारख्या ठिकाणी या कायद्यांची खरी कसोटी लागते. रानातल्या लेण्याभोवती शंभर मीटर मोकळे ठेवणे सोपे. इथे कोट आणि पेठ एकमेकांना चिकटूनच जन्मले. गावाला कोटापासून दूर लोटायचे, असा संरक्षणाचा अर्थ केला तर गाव कोटाकडे अडगळ म्हणून पाहू लागते, खंदक भरत जातो, बुरुजावर झाडे माजतात. त्याउलट कोटाची दर्शनी बाजू, खंदकाची रेघ आणि बाजारातून दरवाजाकडे जाणारी वाट ही तीन अंगे मोकळी आणि स्वच्छ राहिली, तर कोट पुन्हा गावाचा दर्शनी भाग होऊ शकतो.

पारोळ्यात अभिमानाने झाशीच्या राणीचे नाव घेतले जाते, आणि ते नाते खरेही आहे. पण कोटाचे मोल केवळ त्या नावावर ठरू नये. दुहेरी अंमलात गाव कसे वसवले जाई, खानदेशातले एक कुळ बुंदेलखंडात राज्य कसे करू लागले, एका दत्तकाच्या नामंजुरीचे धक्के कुठवर पोचले आणि परकी सत्तेने शस्त्र न उचलता किल्ले कसे निकामी केले, हे चारही धडे या एका तटात आहेत. शाळेतल्या मुलाला अठराशे सत्तावन्न शिकवायला झाशीला न्यायची गरज नाही. खानदेशातल्या मुलांसाठी ते पारोळ्याच्या बाजारात, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे एक नीट लिहिलेला मराठी फलक लावणे, खंदक साफ ठेवणे आणि दरवाजासमोरची जागा मोकळी करणे, एवढ्याने सुरुवात होते. १८५९ मध्ये सरकारने कोट मोडला तो त्यातून पुन्हा कोणी उभे राहू नये म्हणून. आता तो आपल्या ताब्यात आहे. त्याची पडझड थांबवायला कोणाचा हुकूम आड येत नाही, म्हणून ती झाली तर तिची जबाबदारीही आपलीच असेल.